चालती वस्तू स्प्रिंगवर आदळली की काय होतं: फोर्स, वर्क आणि एनर्जीवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीची मुलं, सीईटी-नीट-जेईईवाले, डिप्लोमाची मेकॅनिकलची पोरं, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून इथेच येतात, म्हणून एकदाच सगळं एका जागी लिहून ठेवतेय. वेगळं काही सांगितलं नसेल तर खाली सगळीकडे एकच उदाहरण धरलंय: २ किलोचा ब्लॉक, गुळगुळीत टेबलावरून ३ मीटर/सेकंदने येतोय, समोर आडवी स्प्रिंग, तिचं दुसरं टोक भिंतीला पक्कं, आणि स्प्रिंग कॉन्स्टंट (स्प्रिंग किती कडक ते सांगणारा आकडा) के = ८०० न्यूटन/मीटर. दाबली गेलेली लांबी म्हणजे एक्स. जी (गुरुत्वाकर्षणाचं ॲक्सिलरेशन) १० धरलाय, लिफ्टचा प्रश्न आणि प्रश्न १८ मधलं घरचं मोजमाप सोडून. हे आकडे मुद्दाम निवडलेत, गणितं स्वच्छ सुटतात आणि लक्ष फिजिक्सवर राहतं.

१. ब्लॉक स्प्रिंगला लागला की नक्की काय होतं? झटका लगेच बसतो का?

नाही, आणि इथेच बहुतेकांचं चित्र चुकतं. ब्लॉक स्प्रिंगला नुसता टेकला त्या क्षणी फोर्स शून्य असतो, कारण स्प्रिंग अजून दाबलीच गेली नाहीये. ती जसजशी दाबली जाते तसतसा फोर्स वाढतो, के × एक्स प्रमाणे. ५ सेमी दाबली की ४० न्यूटन, १० सेमीला ८०, १५ सेमीला १२०.

आता त्याच तीन जागी एनर्जी बघा. ब्लॉक आला तेव्हा त्याच्याकडे ½ × २ × ३² = ९ ज्यूल कायनेटिक एनर्जी (चालीची एनर्जी) होती. ५ सेमीपर्यंत स्प्रिंगने त्यातले १ ज्यूल घेतले, १० सेमीपर्यंत एकूण ४, आणि १५ सेमीला पूर्ण ९. १, ४, ९, म्हणजे वर्गाच्या हिशोबाने. त्यामुळे ब्लॉकचा वेग सुरुवातीला फारसा कमी होतच नाही, ५ सेमी आत गेल्यावरही तो २.८३ मीटर/सेकंदने चाललेला असतो, १० सेमीला २.२४, आणि मग शेवटच्या ५ सेमीत एकदम शून्य. खरं ब्रेकिंग सगळं शेवटी होतं, हे वाक्य डोक्यात बसलं की खालचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

२. वर्क म्हणजे फोर्स गुणिले अंतर ना, मग स्प्रिंगमध्ये तो ½ कुठून येतो?

फोर्स गुणिले अंतर हे फोर्स कायम असेल तेव्हाच. इथे फोर्स शून्यापासून सुरू होऊन १२० पर्यंत सरळ रेषेत चढतो, तर मग गुणायचं कशाने? शून्याने की १२० ने? दोन्ही चूक. फोर्स आणि एक्सचा ग्राफ काढा, तिरकी रेषा येते, आणि वर्क म्हणजे तिच्या खालचं क्षेत्रफळ. त्रिकोण आहे, म्हणून ½ × पाया × उंची = ½ × ०.१५ × १२० = ९ ज्यूल. ब्लॉकची सगळी कायनेटिक एनर्जी बरोब्बर हिशोबात आली.

हाच ½ × के × एक्स². इंटिग्रेशन येत असेल तर तेही करा, पण ग्राफ एकदा हाताने काढाच, कारण प्रश्न १४ मध्ये स्प्रिंग आधीच दाबलेली असते आणि तिथे नुसता फॉर्म्युला पाठ असलेली मुलं हमखास अडकतात.

३. मॅडम, धडकेचा फोर्स किती ते एका आकड्यात सांगा ना.

एका आकड्यात सांगता येत नाही, आणि हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून नीट थांबून वाचा. आपल्या ब्लॉकसाठी तीन आकडे आहेत आणि तिन्ही खरे आहेत.

सगळ्यात जास्त फोर्स १२० न्यूटन, फक्त त्या शेवटच्या क्षणी.

अंतरावर काढलेली सरासरी ६० न्यूटन, कारण ९ ज्यूल भागिले ०.१५ मीटर.

वेळेवर काढलेली सरासरी साधारण ७६ न्यूटन. ब्लॉकचा मोमेंटम २ × ३ = ६ किलोग्रॅम मीटर/सेकंद होता, आणि थांबायला लागलेला वेळ π/२ × √(एम/के) (एम म्हणजे ब्लॉकचं वस्तुमान) म्हणजे ०.०७८५ सेकंद. ६ भागिले ०.०७८५ करा, ७६.४ येतात.

एकाच धडकेच्या दोन सरासऱ्या वेगळ्या कशा, असं विचारतात. कारण ब्लॉक सुरुवातीला जोरात असतो, तेव्हा तो कमी फोर्सवाले सेंटीमीटर पटकन पार करतो आणि शेवटी जास्त फोर्सच्या जागी रेंगाळतो. सेंटीमीटर मोजले तर सगळे सारखे, पण सेकंद मोजले तर जास्त फोर्सच्या बाजूला जास्त सेकंद पडतात, म्हणून वेळेची सरासरी मोठी. वर्क-एनर्जीने गणित करताय तर अंतराची सरासरी, इम्पल्सने (फोर्स गुणिले वेळ) करताय तर वेळेची. यांची सरमिसळ करू नका. आणि वस्तू तुटेल का, बोल्ट टिकेल का असं बघायचं असेल तर दोन्ही सरासऱ्या बाजूला ठेवून सरळ १२० घ्या.

४. मी व्ही² = यू² + २ ए एस लावलं तर उत्तर १०.६ सेमी आलं, चुकलं कुठे?

तो फॉर्म्युला (यू सुरुवातीचा वेग, व्ही शेवटचा, ए ॲक्सिलरेशन, एस अंतर) ॲक्सिलरेशन कायम असेल तरच चालतो. तुम्ही ए = के × एक्स/एम टाकला, म्हणजे शेवटचा सगळ्यात मोठा फोर्स पहिल्यापासूनच लागतोय असं धरलं, मग ब्लॉक लवकर थांबणारच. खरं उत्तर १५ सेमी. १५ ला √२ ने भागलं की १०.६, त्यामुळे आपलं उत्तर पुस्तकातल्या उत्तरापेक्षा बरोब्बर √२ ने कमी आलं तर चूक हीच आहे असं समजा.

५. वर्क पॉझिटिव्ह धरायचं की निगेटिव्ह?

आधी विचारा, कुणी कुणावर केलेलं. स्प्रिंग दाबली जात असताना ब्लॉक पुढे जातोय आणि स्प्रिंगचा फोर्स त्याला मागे ढकलतोय, दिशा उलट्या, म्हणून स्प्रिंगने ब्लॉकवर केलेलं वर्क −९ ज्यूल. ब्लॉकने स्प्रिंगवर केलेलं +९. परत येताना फोर्सही मागे आणि ब्लॉकही मागे, त्यामुळे स्प्रिंगचं ब्लॉकवर +९. जाऊन-येऊन बेरीज शून्य, म्हणून ब्लॉक परत ३ मीटर/सेकंदनेच निघतो, फक्त उलट्या दिशेने.

६. भिंतीने किती वर्क केलं?

शून्य. भिंत १२० न्यूटनपर्यंत जोर लावते पण स्प्रिंगचं ते टोक जागचं हलत नाही, आणि विस्थापन नाही तर वर्क नाही. पण भिंतीमुळे मोमेंटम मात्र बदलतो, ब्लॉक +६ ने आला आणि −६ ने गेला, म्हणजे १२ चा फरक भिंतीकडूनच आला. एनर्जी दिली नाही, मोमेंटम दिला, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. भिंतच चालती असेल तर मात्र हे उत्तर बदलतं, ते प्रश्न १९ मध्ये आहे.

७. वेग दुप्पट केला तर काय काय दुप्पट होतं?

एनर्जी चौपट, म्हणजे ३६ ज्यूल. स्प्रिंग दुप्पट दाबली जाते, ३० सेमी. जास्तीत जास्त फोर्सही दुप्पट, २४० न्यूटन. आणि थांबायला लागणारा वेळ? तेवढाच, ०.०७८५ सेकंद! हे ऐकून वर्गात हटकून कुणीतरी हात वर करतं. पण वेळेच्या फॉर्म्युल्यात वेग नाहीच, फक्त एम आणि के आहेत. अंतर दुप्पट झालं पण ते कापायचा वेगही दुप्पट, हिशोब फिटला.

जास्तीत जास्त फोर्ससाठी एक फॉर्म्युला जवळ ठेवा: व्ही × √(एम × के). आपल्या ब्लॉकला ३ × √१६०० = १२०. यावरून लगेच दिसतं की वजन दुप्पट केलं तर फोर्स √२ पट होतो, दुप्पट नाही. स्प्रिंग दुप्पट कडक केली तरी तसंच. म्हणजे वेगाची खोड सगळ्यात महाग पडते.

८. फोर्स सगळ्यात जास्त असतो तेव्हा पॉवर शून्य कशी?

पॉवर म्हणजे फोर्स गुणिले वेग, आणि पूर्ण दाबलेल्या क्षणी वेग शून्य आहे. सुरुवातीला वेग आहे पण फोर्स शून्य, तिथेही पॉवर शून्य. मधे कुठेतरी ती सगळ्यात जास्त असणार, आणि ती जागा १५/√२ म्हणजे १०.६ सेमीला येते, जिथे निम्मी एनर्जी स्प्रिंगकडे आणि निम्मी ब्लॉककडे असते. तिथे पॉवर १८० वॉट. प्रश्न ४ मधला चुकीचा आकडा इथे बरोबर उत्तर म्हणून येतो, त्यामुळे गोंधळू नका.

९. टेबल खडबडीत असेल तर?

घर्षणाने खाल्लेली एनर्जी वजा करायची, बस. म्यू (घर्षण गुणांक) ०.२ धरला तर घर्षण ०.२ × २० = ४ न्यूटन. ब्लॉक स्प्रिंगला लागला तेव्हा वेग ३ होता असं धरू (त्याआधीचं घर्षण आलंच नाही). मग ९ = ४०० × एक्स² + ४ × एक्स, एक्स येतो साधारण १४.५ सेमी. परत येताना घर्षण पुन्हा तेवढंच खातं, कारण घर्षण नेहमी चालीच्या विरुद्ध, त्यामुळे ब्लॉक सुटतो तेव्हा वेग ३ ऐवजी २.८ असतो.

एक अपवाद ध्यानात ठेवा. ब्लॉक थांबला त्या क्षणी के × एक्स हा स्थिर घर्षणाच्या मर्यादेपेक्षा कमी असेल तर ब्लॉक परत येतच नाही, स्प्रिंग दाबलेली तशीच राहते. आपल्याकडे ११६ न्यूटन विरुद्ध जेमतेम ४-५, त्यामुळे येतोच, पण मऊ स्प्रिंग आणि जड ब्लॉक दिला असेल तर आधी हे तपासा.

१०. ब्लॉक वरून स्प्रिंगवर पडला तर ½एमव्ही² = ½केएक्स² चालेल का?

चालणार नाही, कारण स्प्रिंग दाबली जात असतानाही ब्लॉक खाली येतच असतो आणि गुरुत्वाकर्षण वर्क करतच असतं. तोच ब्लॉक ४५ सेमी वरून सोडा, स्प्रिंगला लागताना वेग बरोब्बर ३ मीटर/सेकंद. पण आता २० × (०.४५ + एक्स) = ४०० × एक्स², आणि एक्स येतो १७.७ सेमी, १५ नाही. जास्तीत जास्त फोर्स १४१.७ न्यूटन. कंसातला तो + एक्स विसरणं ही उभ्या स्प्रिंगची सगळ्यात कॉमन चूक आहे.

दुसरी गोष्ट, वेग सगळ्यात जास्त कधी असतो? स्प्रिंगला टेकताना नाही. टेकल्यावरही सुरुवातीला वजन २० न्यूटन आणि स्प्रिंगचा फोर्स त्याहून कमी, म्हणजे ब्लॉक अजून वेग घेतोच आहे. २.५ सेमीला दोन्ही सारखे होतात, तिथे वेग ३.०४, आणि तिथून पुढे तो कमी व्हायला लागतो. फरक छोटासा आहे पण संकल्पनेचा आहे, आणि परीक्षेत नेमकं तेच विचारतात.

११. मी के × एक्स = एम × जी करून २.५ सेमी काढलं. ते कधी बरोबर असतं?

ब्लॉक हाताने धरून अगदी हळू स्प्रिंगवर उतरवला आणि तो तिथेच शांत बसला, तर. २.५ सेमी ही समतोलाची जागा आहे. पण तोच ब्लॉक स्प्रिंगला नुसता टेकवून एकदम हात काढून घेतला तर तो दुप्पट खाली जातो, ५ सेमी, आणि तिथे स्प्रिंगचा फोर्स ४० न्यूटन, वजनाच्या दुप्पट. उंचावरून टाकायची गरजच नाही. मशीन डिझाइनला अचानक आलेल्या लोडसाठी दुप्पट ताण धरतात तो याच कारणाने.

मग हळू उतरवताना बाकीची एनर्जी गेली कुठे? गुरुत्वाकर्षणाने २० × ०.०२५ = ०.५ ज्यूल वर्क केलं, स्प्रिंगमध्ये साठले ०.२५. उरलेले ०.२५ तुमच्या हाताकडे गेले, हात ब्लॉकला वर तोलून धरत खाली येत होता, म्हणजे हाताचं वर्क −०.२५. एनर्जी हरवली असं वाटलं की आधी हात शोधा.

१२. आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टच्या खड्ड्यात मोठ्या स्प्रिंगा आहेत, लिफ्ट तुटून पडली तर त्या वाचवतील का?

त्या त्यासाठी नाहीतच. दोर तुटला, वेग वाढला, तर ओव्हरस्पीड गव्हर्नर (वेग मर्यादेबाहेर गेला की ओळखणारं यंत्र) आणि सेफ्टी गिअर (लिफ्टचे ब्रेक) लिफ्टला रेल्सवरच पकडतात. खालच्या स्प्रिंगा, म्हणजे बफर, हे लिफ्ट आपल्या नेहमीच्या वेगात शेवटच्या मजल्याच्या खाली निसटली तर तिला झेलायला असतात. हळू लिफ्टला, साधारण १ मीटर/सेकंदपर्यंत, स्प्रिंगचे बफर लावतात, त्यावरच्या वेगाला ऑइल बफर.

हिशोब करून बघू, इथे जी ९.८ घेऊ आणि काउंटरवेट, दोर बाजूला ठेवू. लिफ्ट १ मीटर/सेकंदने आली आणि १३.५ सेमीत थांबली. स्प्रिंग असल्यामुळे सगळ्यात जास्त रिटार्डेशन (वेग कमी होण्याचा दर) जी + व्ही²/एक्स इतकं येतं, ९.८ + ७.४ = १७.२, म्हणजे पावणेदोन जी. आतल्या माणसाच्या पायाला त्या क्षणी स्वतःच्या वजनाच्या पावणेतीनपट जोर जाणवेल. गुडघे वाकतील, दचकायला होईल, पण माणूस धड राहील. आता तीच लिफ्ट १५ मीटर वरून मोकळी पडली असं धरा, वेग १७ मीटर/सेकंदच्या पुढे, आणि त्याच १३.५ सेमीत थांबवायचं म्हटलं तर व्ही²/एक्स दोनशे जीच्या वर जातं. स्प्रिंग तेवढं घेणारच नाही, ती आधीच पूर्ण मिटेल. म्हणून कृपा करून, गव्हर्नर आणि सेफ्टी गिअरची टेस्टिंग टाळणाऱ्या सोसायट्यांनी खाली स्प्रिंग आहे ना, असं म्हणून निवांत राहू नका.

१३. स्प्रिंग पूर्ण मिटली तर पुढे काय?

वेटोळ्याला वेटोळं टेकलं की ती स्प्रिंग राहत नाही, लोखंडाची नळी होते. समजा आपली स्प्रिंग जास्तीत जास्त १२ सेमीच दाबता येते. तोपर्यंत ती ५.७६ ज्यूल घेते, उरतात ३.२४, आणि ब्लॉक अजूनही १.८ मीटर/सेकंदने चाललाय. आता तो मिटलेल्या स्प्रिंगवर १ मिलिमीटरमध्ये थांबला असं धरा, तर सरासरी फोर्स ३.२४ भागिले ०.००१ = ३२४० न्यूटन. आधी १२० होता! ३ सेमी कमी पडले तर फोर्स सत्तावीसपट. गाड्यांच्या सस्पेन्शनमध्ये शेवटी रबराचा बंपस्टॉप असतो तो हा धक्का मऊ करायला.

रेल्वेच्या डेड एंडच्या बफरचंही तेच, त्याची ठराविक ज्यूल पचवायची ताकद असते आणि वेग थोडा वाढला की एनर्जी वर्गाने वाढते. २८ जून २०१५ ला चर्चगेटला भाईंदरहून आलेली लोकल बफरला धडकून थेट प्लॅटफॉर्मवर चढली होती, ते फोटो बऱ्याच मुंबईकरांना आठवत असतील.

१४. स्प्रिंग आधीच थोडी दाबून बसवलेली असेल तर?

मग फोर्स शून्यापासून सुरू होत नाही. ५ सेमी आधीच दाबलेली असेल (पुढे कडी लावून अडवलेली) तर ब्लॉक लागताच ४० न्यूटन मिळतात. ग्राफमध्ये त्रिकोणाऐवजी समलंब चौकोन येतो, आणि वर्क ½ × के × (शेवटचा एक्स² − सुरुवातीचा एक्स²). ९ ज्यूल त्यात बसवले तर शेवटचा एक्स १५.८ सेमी, म्हणजे ब्लॉक फक्त १०.८ सेमी आत गेला आणि जास्तीत जास्त फोर्स १२६.५. जागा जवळजवळ ४ सेमी वाचली आणि फोर्स जेमतेम ६-७ न्यूटनने वाढला. फायद्याचा सौदा आहे. ½ × के × (१०.८ सेमी)² असं मात्र करू नका.

१५. दोन स्प्रिंगा लावल्या तर धडक मऊ होते ना?

कशा लावल्या त्यावर आहे. शेजारी-शेजारी लावल्या तर के १६००, स्प्रिंग १०.६ सेमीच दाबली जाते आणि फोर्स १७० न्यूटनपर्यंत जातो, म्हणजे धडक कडक झाली. एकामागे एक लावल्या तर के ४००, २१.२ सेमी दाबल्या जातात आणि फोर्स ८५. मऊ हवं तर जागा द्यावी लागते. स्प्रिंग मधून कापली तर प्रत्येक तुकड्याचा के दुप्पट होतो, बाईक खाली बसवायला स्प्रिंगची वेटोळी कापून घेणाऱ्यांनी हे आणि प्रश्न १३ दोन्ही वाचा.

१६. शॉकअपमध्ये स्प्रिंग असताना ऑइल कशाला?

स्प्रिंग एनर्जी घेते आणि सगळी परत देते (प्रश्न ५). नुसती स्प्रिंग असेल तर खड्ड्यानंतर गाडी नाचतच राहील. ऑइलचा डँपर ती एनर्जी उष्णतेत घालवतो. त्याचा फोर्स वेगावर असतो, दाबल्या गेलेल्या लांबीवर नाही, म्हणून तो नेमका सुरुवातीला, वेग जास्त असताना जोर लावतो, जिथे स्प्रिंग काहीच करत नसते. दोघं एकमेकांची उणीव भरतात. ऑइल गळलेलं शॉकअप तसंच वापरू नका.

१७. भिंतीऐवजी स्प्रिंग दुसऱ्या ब्लॉकला लावलेली असेल तर?

इथे सगळी ९ ज्यूल स्प्रिंगमध्ये जात नाहीत. स्प्रिंग सगळ्यात जास्त दाबली जाते ती दोन्ही ब्लॉकचा वेग सारखा होतो तेव्हा, ते थांबतात तेव्हा नाही. समोर ४ किलोचा ब्लॉक मोकळा उभा असेल तर मोमेंटम ६ भागिले एकूण वस्तुमान ६, समान वेग १ मीटर/सेकंद. त्या वेळी चालीत ३ ज्यूल, स्प्रिंगमध्ये ६, म्हणून एक्स १२.२ सेमी. सुटताना आपला ब्लॉक १ मीटर/सेकंदने मागे येतो आणि मोठा २ ने पुढे जातो, १ + ८ = ९ ज्यूल. मोमेंटम इथे टिकतो कारण बाहेरचं कुणी ढकलत नाही, भिंतीच्या केसमध्ये एकट्या ब्लॉकचा टिकत नव्हता.

१८. के नेहमी कायम असतो का? आणि घरी मोजायचा कसा?

रॉबर्ट हूकने हा नियम १६७६ मध्ये अक्षरांच्या कोड्यात लपवून ठेवला आणि १६७८ मध्ये उघड केला, पण तो मर्यादेतच खरा आहे. फार ताणली तर स्प्रिंग मूळ लांबीवर येत नाही. शंकूच्या आकाराच्या स्प्रिंगा, रबर, यांचा ग्राफ सरळ रेषा नसतोच. तिथे ½केएक्स² सोडा आणि ग्राफखालचं क्षेत्रफळ मोजा, ते कायम चालतं. स्प्रिंगलाही स्वतःचं वस्तुमान असतं, ते ब्लॉकच्या मानाने थोडं असेल तर दोलनाच्या गणितात त्याचा एक तृतीयांश ब्लॉकच्या वस्तुमानात मिळवतात. स्प्रिंगच जड असेल तर तेवढ्याने भागत नाही.

मोजायला स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या. स्प्रिंग त्यावर उभी करा, वर सपाट झाकण ठेवा, काटा शून्य करा, शेजारी पट्टी धरून झाकण ५ मिलिमीटर खाली दाबा आणि आकडा वाचा. ४०० ग्रॅम दिसले तर ०.४ × ९.८ = ३.९२ न्यूटन, भागिले ०.००५ मीटर, के = ७८४ न्यूटन/मीटर. मग १० मिलिमीटरला पुन्हा बघा, आकडा दुप्पट आला तर स्प्रिंग सरळ रेषेत वागतेय. वर्कशॉपमध्ये के न्यूटन/मिलिमीटरमध्ये सांगतात, १ न्यूटन/मिलिमीटर म्हणजे १००० न्यूटन/मीटर, हे बदलायला विसरून उत्तर हजारपट चुकवणारी मुलं दरवर्षी असतात.

१९. हेच सगळं चालत्या ट्रेनमध्ये केलं आणि मी प्लॅटफॉर्मवरून बघतोय, तर एनर्जीचा हिशोब जुळत नाही. का?

जुळतो, फक्त एक खातं विसरलं जातं. ट्रेन १० मीटर/सेकंदने चाललीय, ब्लॉक त्याच दिशेने तिच्या आत ३ ने जातोय आणि स्प्रिंग डब्याच्या पुढच्या भिंतीला आहे. प्लॅटफॉर्मवरून ब्लॉकचा वेग १३, कायनेटिक एनर्जी १६९ ज्यूल. स्प्रिंग पूर्ण दाबली जाते तेव्हा ब्लॉक ट्रेनबरोबर १० ने चाललेला असतो, एनर्जी १०० ज्यूल. कमी झाले ६९, पण स्प्रिंगमध्ये तर ९ च आहेत, ते काही बदलत नाहीत, स्प्रिंग १५ सेमीच दाबली जाते मग कुठूनही बघा.

उरलेले ६० ज्यूल ट्रेनला गेले. आता भिंत जागची हलतेय, त्यामुळे प्रश्न ६ मधलं शून्य इथे लागू नाही. त्या ०.०७८५ सेकंदात ट्रेन ७८.५ सेमी पुढे गेली आणि तेवढा वेळ स्प्रिंग भिंतीला पुढे ढकलत होती. भिंत एकसारख्या वेगाने चाललीय, म्हणून इथे प्रश्न ३ मधली वेळेची सरासरी घ्यायची, ७६.४ न्यूटन × ०.७८५ मीटर = ६० ज्यूल. ६० न्यूटन, म्हणजे अंतराची सरासरी घातली तर ४७ येतील आणि हिशोब तुटेल.